पायाचें कवच

दुचाकींचें शहर म्हणून पुण्याची ख्याति आहे. कसबा पेठेंत फडके हौदाच्या चौकांत सकाळीं क्षणभर थांबून पाहावें. मोटारसायकलस्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण असो वा नसो, पायांत बहुधा चप्पलच दिसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें डोक्याची काळजी घेतली. पायाची ज्याची त्यानेंच घ्यावयाची आहे.

आळीबोळांत वेग तो किती, असें कित्येकांस वाटतें. परंतु वेग कमी झाला, तरी गाडीचें वजन कमी होत नाहीं. ती कलंडली म्हणजे पाऊल व घोटा तिच्याखालीं सांपडतात.

म्हणून बूट घोटा पुरता झांकणारा, टांचेला व बोटांशीं कठीण असावा. दुकानांत तो ओलें वस्त्र पिळावें तसा पिळून पाहावा. हातांनीं सहज पिळला गेला, तर गाडीखालीं पायहि तसाच पिळला जाईल. युरोपांतील ईएन १३६३४ या मानकांत उंची, घर्षण, काप व आडवा दाब अशा चार कसोट्या आहेत. ती खूण असल्यास उत्तमच. बंद मोकळे लोंबूं नयेत. ते गिअरच्या दांड्यांत अडकले, तर पाय वेळेवर जमिनीस टेकत नाहीं. डाव्या बुटाचें टोंक त्या दांड्याखालीं सहज सरकतें ना, हें गाडीवर बसूनच पाहावें. खरेदी सायंकाळीं, मोजे घालून करावी. तोंवर पाय किंचित् फुगलेले असतात.

कसबा गणपतीच्या दाराशीं काढून ठेवण्यास चप्पल सोयीची खरी. पण तेथवर गाडीनें सुखरूप पोंचविणें हें बुटाचें काम आहे.