घर सोडलेल्या मुलांसाठी



परीक्षेचा निकाल लागतो.
घरात बोलाचाली होते.
आणि अंजनगाव सुर्जीच्या एसटी स्टँडवर दोन मित्र गाडीत चढतात.
अकोला किंवा बडनेरा गाठलं, की पुढे मुंबईची रेल्वे असते.

पहिल्याच रात्री राग ओसरतो.
आई जेवली असेल का, हा विचार छळू लागतो.
मग दोघांत कुरबुर होते.
“तुझ्याच नादानं आलो,” एक म्हणतो.
दुसरा गप्पच. खिशातली चिल्लर पुन्हा मोजतो.
घरी दोघांनाही जायचं असतं.
पण आधी म्हणायचं कोणी?

मुलांनो, आधी तुम्ही म्हणा.
घर सोडलं म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही.
मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावा, १०९८.
पुन्हा ऐका. एक, शून्य, नऊ, आठ.
हा फोन मोफत आहे. रात्रीही लागतो.
स्टेशनवर रेल्वे पोलिसांनाही सांगता येतं.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, सापडलेल्या मुलाला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे नेतात.
त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत.
समिती मुलाचं म्हणणं ऐकते.
घरी मारहाणीची भीती असेल, तर तेही तिथे सांगा.

आईबाबांनो, मूल दिसेनासं झालं, की लगेच पोलिसांकडे जा.
एक दिवस वाट पाहू नका.
मूल परतलं, की आधी जेवू घाला.
त्याच्या सोबत्याला बोल लावू नका.
“का गेलास?” हे सावकाश विचारा.
आणि उत्तर पूर्ण ऐका.

नंबर लक्षात ठेवा.
एक, शून्य, नऊ, आठ.