पत्ता एकच, घरं दोन



मी कवितेचा माणूस. संगणकातलं मला फारसं कळत नाही. तरीही आज एका संगणकाचीच गोष्ट सांगतो.

२०२० सालचा एप्रिल संपत आला होता. टाळेबंदी होती, रोजे सुरू झाले होते. पुण्यात नोकरी करणारी माझी लेक मार्चमध्येच सोलापूरला आली होती आणि घरूनच काम करायची. तिच्याकडे कामगारांच्या पगाराचा हिशेब होता. त्या फायली ऑफिसच्या सर्व्हरवर, सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये. तिथवर जायला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली खासगी वाट.

नवीन राउटर बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून फोल्डर उघडेना. व्हीपीएन जोडलेलं दिसे, पण सर्व्हर सापडत नाही, असा निरोप येई. पासवर्ड बदलून झाला, संगणक बंद-चालू करून झाला. ऑफिसातून फोन आला, "बाकीच्यांचं उघडतं, तुमचंच कसं उघडत नाही?" मीही म्हणालो, "बेटी, तूच काहीतरी भलतं दाबलं असशील." ती गप्प बसली. पगार दोन दिवसांवर आले होते.

शेवटी ऑफिसातल्या तंत्रज्ञानं विचारलं, "मोबाईलच्या नेटवरून पाहिलंत का?" तसं केलं आणि फोल्डर चटकन उघडलं! म्हणजे दोष तिचा नव्हता, संगणकाचाही नव्हता. दोष घरच्या राउटरच्या पत्त्यात होता.

१९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले असतात. ते कुणीही आपल्या घरात वापरावेत. आमच्या राउटरचे पत्ते १९२.१६८.१ नं सुरू होत होते आणि ऑफिसचेही तेच. त्यामुळे संगणक पुण्याचा सर्व्हर आमच्याच घरात शोधत होता. शुक्रवार पेठ सोलापुरात आहे, तशी पुण्यातही आहे. पाकिटावर गाव लिहिलं नाही, तर पोस्टमन ते इथल्याच पेठेत फिरवत बसणार.

तंत्रज्ञानं राउटरच्या पत्त्यातला तिसरा आकडा बदलायला लावला, एकच्या जागी पन्नास. राउटर पुन्हा सुरू झाला आणि फोल्डर उघडलं. पगार वेळेवर झाले.

त्या संध्याकाळी इफ्तारला खजूर पुढे करत मी लेकीला म्हणालो, "चुकलं माझं." ती हसली, "अब्बा, आधी वाट तपासायची, मग माणूस."

श्रोतेहो, एवढंच सांगायचं होतं. वाट बदलून पाहायला पाच मिनिटं लागली. माणसावर संशय घेण्यात आमचे दोन दिवस गेले होते.