विवाहापूर्वीची रक्तपरीक्षा

(महोत्सवप्रसंगी रत्नागिरी येथे धर्मग्रामस्थांपुढे दिलेले व्याख्यान)



आनंदाच्या ह्या प्रसंगी धर्मगुरूने रक्तपरीक्षेविषयी बोलावे, ह्याचे काहींस नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी विवाहाची नोंद करावयास आलेल्या एका तरुणाने परीक्षेचा कागद माझ्यापुढे ठेवला व तो रडू लागला. कागदावर 'बीटा थॅलेसेमिया वाहक' असे लिहिले होते. आपणांस रोग जडला, आता विवाह मोडणार, अशी त्याची समजूत झाली होती.

आपल्या रक्तास लाली देणारे द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. ते घडविणारे बीटा जनुक आपणांस एक पित्याकडून व एक मातेकडून मिळते. एकच सदोष असेल तर मनुष्य केवळ वाहक ठरतो व बहुधा निरोगी राहतो. दोन्ही सदोष असली तर मात्र पुष्कळ मुलांस जन्मभर, काही आठवड्यांच्या अंतराने, दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते.

कागदावर तांबड्या पेशींचे आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ८० हून कमी दिसले की आपण लोहाच्या गोळ्या सुरू करतो. परंतु वाहकाच्या पेशीही अशाच लहान असतात. म्हणून फेरिटिन पाहून लोहाचा साठा जाणावा, आणि एचपीएलसी ही परीक्षा करावी. तीत 'ए-टू' चा आकडा ४ टक्क्यांहून अधिक आला तर ती व्यक्ती बहुधा वाहक असते. लोहाची उणीव असता हा आकडा खाली येऊ शकतो. नुकतेच रक्त चढविले असल्यासही निकाल फसवा ठरतो. हे डॉक्टरांस अवश्य सांगावे. 'एस' हे अक्षर सिकलसेलचे होय. विदर्भात व नंदुरबारकडे तो वारसा पुष्कळ आढळतो. मुंबईस परळ येथे, केईएम रुग्णालयाच्या आवारात, ह्याच रक्तदोषांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे.

वधूवरांपैकी एकच वाहक असेल तर मुलांस हा रोग होत नाही. फार तर ती वाहक होतील. दोघेही वाहक असतील, किंवा एकाकडे थॅलेसेमिया व दुसऱ्याकडे 'एस' असेल, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. पहिले मूल निरोगी झाले म्हणून पुढचा धोका कमी होत नाही.

त्या तरुणाच्या वाग्दत्त वधूची परीक्षा झाली. ती वाहक नव्हती. त्यांचा विवाह ह्याच वेदीपुढे लागला.

आपला समाज लहान. सोयरिकी त्याच त्या घराण्यांत होतात. म्हणून आईबापांस माझी विनंती आहे की, ही परीक्षा साखरपुड्याच्या आधीच, मुलगा व मुलगी दोघांचीही करवावी. कागद हाती आल्यावर त्याची चर्चा चारचौघांत करू नये, आणि सुनेस तर कधीच बोल लावू नये. वाहक असणे हे पाप नव्हे व कलंकही नव्हे. वेळीच कळले, तर विचार करावयास व डॉक्टरांचा सल्ला घ्यावयास त्या दोघांस अवधी मिळतो.

परमेश्वर आपल्या कुटुंबांचे रक्षण करो.