फिरतीवरच्या मुलांची भाषा
(एका व्याख्यानाचा संपादित भाग)



‘आंतरराष्ट्रीय शाळा’ हा शब्द उच्चारला की कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर वातानुकूलित वर्ग आणि लाखांच्या घरातले वार्षिक शुल्क उभे राहते. ते चित्र खोटे नाही. परंतु तेवढ्यावरून पाठ फिरवली, तर या शाळांनी एका अवघड प्रश्नाचे जे उत्तर शोधले आहे ते नजरेआड होईल. तो प्रश्न मुळात श्रीमंतांचा नाही. पोटासाठी गाव सोडणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

१९२४ साली जिनिव्हात राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कचेऱ्यांतील नोकरवर्गाने आपल्या मुलांसाठी एक शाळा काढली. (कामगारांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेतून हा उपक्रम निघाला आणि पुढे कामगारांपासून सर्वांत दूर गेला, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल.) आईबाप आज या देशात, तर उद्या त्या देशात, आणि प्रत्येक देशाची विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा निराळी. एका वर्गात वाढलेल्या मुलांना अखेरच्या काळात आपापल्या देशाच्या परीक्षेसाठी पांगावे लागे. या अडचणीतूनच १९६८ मध्ये ‘इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट’ ही संस्था जिनिव्हात स्थापन झाली. मूल कोठेही गेले तरी त्याचे शिक्षण त्याच्याबरोबर जावे, हा तिचा गाभा.

या कार्यक्रमाची भाषाविषयक रचना मुळातून पाहण्यासारखी आहे. अखेरच्या दोन वर्षांच्या पदविकेत सहा विषय असतात. पहिला गट विद्यार्थ्याला जी भाषा सर्वांत चांगली येते तिच्या साहित्याचा, दुसरा गट आणखी एक भाषा शिकण्याचा. विद्यार्थ्याच्या भाषेचा शिक्षक शाळेत नसेल, तर शाळेच्या देखरेखीखाली त्याने स्वतः आपल्या भाषेतील साहित्य अभ्यासावे आणि त्याच भाषेत परीक्षा द्यावी, अशीही सोय आहे. मुळशीजवळ १९९७ पासून चालू असलेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजसारख्या ठिकाणी अनेक देशांतून, पुष्कळदा शिष्यवृत्तीवर, मुले येतात. अशा ठिकाणी या तरतुदीचे मोल कळते. दोन भाषांच्या साहित्याचा अभ्यास यशस्वीपणे पुरा करणाऱ्यास द्वैभाषिक पदविका मिळते. शिवाय प्रत्येक शाळेने आपले भाषाधोरण लेखी स्वरूपात ठेवावे, असा दंडक आहे.

हा सारा खटाटोप केवळ भावनेपोटी नाही. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक भेद मांडला : खेळाच्या मैदानावर बोलता येणारी भाषा वेगळी आणि भूमितीचा सिद्धांत समजून घेण्यास लागणारी भाषा वेगळी. पहिली वर्षा-दोन वर्षांत येते. दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. तोवर मूल मंद आहे असा शेरा मारणारा शिक्षक भाषेच्या अडचणीला बुद्धीची अडचण समजत असतो. मातृभाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत नेता येते. जी कोठेच पक्की झाली नाही ती नेणार कशी? म्हणून चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळेत मुलाला आधी स्वतःच्या भाषेत टिपणे काढू देतात, समानभाषी सोबत्याशी चर्चा करू देतात. आणि विज्ञानाचा शिक्षकही स्वतःला भाषेचा शिक्षक समजतो.

आपल्या शहरांत मात्र या रचनेचे बरेचदा विडंबन होते. सुखवस्तू मराठी पालक पहिली भाषा म्हणून इंग्रजी निवडतात आणि मराठी उरते ती ड्रायव्हरशी नि स्वयंपाकीणबाईंशी बोलण्यापुरती. महाराष्ट्राने २०२० साली कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, ते योग्यच झाले. पण कोरियन किंवा तमिळ मुलाला मराठी ही नवी भाषा म्हणून शिकवावी लागते. मातृभाषेच्या पाठ्यपुस्तकाची घोकंपट्टी करून घेतल्याने फक्त कायद्याचे समाधान होते.

आता खर्चाकडे वळू. पाच मुलांसाठी एका भाषेचा शिक्षक ठेवणे महाग असते. आंतरराष्ट्रीय शाळेत तो खर्च शुल्कातून भागतो. युरोपात १९५३ मध्ये लक्झेंबर्गला सुरू झालेल्या ‘युरोपीय शाळां’त अधिकाऱ्यांच्या मुलांना मातृभाषेचे शिक्षण मिळते, तेही मुख्यतः सार्वजनिक पैशातून. त्याच युरोपीय समुदायाने १९७७ मध्ये स्थलांतरित कामगारांच्या मुलांनाही मातृभाषा शिकवावी असा निर्देश काढला. पण त्याची बंधनकारक व्याप्ती सदस्य राष्ट्रांच्या नागरिकांपुरती राहिली. जर्मनीच्या कारखान्यांत राबणाऱ्या तुर्की कामगाराचे मूल त्याबाहेर पडले, आणि आतल्यांच्या बाबतीतही अंमलबजावणी ढिलीच झाली. अधिकाऱ्याच्या मुलाला संस्था मिळाली, कामगाराच्या मुलाला कागद.

बीडचा ऊसतोडणी मजूर हंगामात कर्नाटकातील कारखान्यावर जातो तेव्हा त्याचे मूल नेमके जिनिव्हातील त्या मुलाच्याच अवस्थेत असते. शाळा बदलली, भाषा बदलली, परीक्षा मात्र गावाकडे. फरक एवढाच की याच्यासाठी कोणी ‘बॅकॅलॉरिएट’ काढलेले नाही. हंगामी वसतिगृहे व साखरशाळा यांनी काही मुलांना आधार दिला हे खरे. परंतु कन्नड शाळेच्या दारात उभ्या राहिलेल्या मराठी मुलापर्यंत तो पोचत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा अध्यापनाचे माध्यम ‘शक्य तेथवर’ मातृभाषा असावे असे सांगतो, आणि या ‘शक्य तेथवर’मध्ये सारी जबाबदारी विरून जाते.

आपल्या देशाला हे जमतच नाही असे कोणी म्हणू नये. मुंबई महानगरपालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगु, तमिळ व इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवल्या. गिरणीत आलेल्या तेलुगु मजुराच्या मुलाला त्याच्या भाषेत अक्षर भेटले ते कोणत्याही शुल्काविना. आज दक्षिणी भाषांच्या या शाळांतील पटसंख्या रोडावली आहे. पट कमी म्हणून शाळा बंद, हा हिशेब महापालिकेला लावायचा आणि पाच मुलांसाठीचा शिक्षक ही महागड्या शाळेची गुणवत्ता मानायची, हा कोणता न्याय?

मागणी अवघड नाही. सीमेपलीकडच्या कारखान्यांवर हंगामापुरता मराठी शिक्षक, मुलाबरोबर जाणारी प्रगतिनोंद, तेथील शाळेत कन्नडची सोपी ओळख, आणि गावी परतल्यावर ते शिक्षण मान्य करण्याचा दोन्ही राज्यांतील करार. दोन्ही बाजूंच्या साथींनी टोळ्या निघण्यापूर्वी, दिवाळीच्या आतच, तोडणी मजुरांच्या संघटनांबरोबर बसून याचा मसुदा करावा.