म्हातारीला विचारलं का?

(जिल्हा बैठकीत झालेलं भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं. जेवणाआधीचा थोडा वेळ आम्ही एका घरातल्या विषयासाठी मागून घेतला आहे.

वरोरा, कोरपना, राजुऱ्याकडच्या कोणत्याही गावात फिरा. गल्लीत एखादं तरी घर असं सापडतं, जिथं म्हातारी एकटी आहे. पोरगा बल्लारपूरला, नागपूरला, नाहीतर थेट पुण्याला. पाच एकर कोरडवाहूची पऱ्हाटी आणि ज्वारी दोन चुली पेटवत नाही, म्हणून तो गेला. त्याला दोष देऊ नका. वावरात चार पैसे उरले असते तर तो गेलाच नसता. दिवाळीला तो येतो, माय चुलीपाशी अडखळताना दिसते, आणि प्रश्न निघतो : हिला इथं ठेवायचं की न्यायचं? भाऊ भावाला विचारतो, सून नणंदेला विचारते, जावयाचंही मत घेतात. म्हातारीला कोणी विचारत नाही.

ताडोब्याच्या जंगलातली गावं आपल्या डोळ्यांदेखत उठली. बोटेझरी उठलं, २०१३ साली नवेगाव उठलं. वाघासाठी गाव हलवायचं तर २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की आधी ग्रामसभेची संमती घ्या, सगळं समजावून घ्या, बळजबरी करू नका. ती संमती प्रत्यक्षात कशी घेतली जाते यावर भांडायला भरपूर जागा आहे, ते भांडण वेगळं. पण कागदावर तरी विचारायची सक्ती आहे. पुनर्वसनाचे पैसे कुटुंबामागे आधी १० लाख होते, २०२१ मध्ये १५ लाख झाले, आणि त्या हिशेबात विधवा बाई वेगळं कुटुंब धरतात. म्हणजे वाघासाठी उठवायची असेल तर म्हातारीचं खातं वेगळं. नातवाच्या शाळेसाठी उठवायची असेल तर तिला मतसुद्धा नाही!

आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची आई विहिरीजवळ घसरून पडली, मनगट मोडलं. आम्ही भावांनी दवाखान्याच्या व्हरांड्यातच ठरवून टाकलं आणि प्लास्टर निघायच्या आत तिला चंद्रपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत आणलं. महिना मे. गावचं घर मातीच्या भिंतीचं, वर कवेलू. इथं वर स्लॅब. चंद्रपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. दिवसा पारा ४६-४७ वर, रात्री भिंती आग ओकतात. तिकडे आम्ही म्हैस विकली, कोंबड्या शेजारी दिल्या, दाराला कुलूप घातलं. मृग लागला तशी ती विचारू लागली : पेरण झाली का? बी कोणतं आणलं? ज्वारीची किती तासं टाकली? आम्ही 'झालं, झालं' म्हणत राहिलो. त्या साली ज्वारी टाकलीच नव्हती. तिला कळलं तेव्हा दोन दिवस जेवली नाही. पोळ्याला गावी नेलं, तर परतीच्या दिवशी ती बंडीत बसायलाच तयार होईना. राहिली तिथंच.

याच्या उलटही पाहिलं आहे. आमच्या चुलत्यांना 'माणूस हट्टी आहे' म्हणून आम्ही सोडून दिलं. शुगरची गोळी कधी दोनदा घ्यायचे, कधी घ्यायचेच नाहीत. रात्री लघवीला बाहेर निघायचे. मागे नाला, नाल्यात रानडुकरं, आणि त्या वर्षी तर वाघाची पावलंही दिसली होती. एका सकाळी ते बांधावर बेशुद्ध सापडले. मग त्यांना उचलून नेलं, पोतं उचलतात तसं. त्यांनी घराकडे वळून पाहिलंही नाही, शुद्धच नव्हती.

मग वेळ कोणती? वयावर जाऊ नका. १९९० साली बाबा आमटे आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला गेले तेव्हा पंचाहत्तरीचे होते, पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नव्हतं. साधनाताई बरोबर गेल्या. पुढे परतले ते आनंदवनात, आणि २००८ साली तिथंच त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे संस्था उभी होती, आपल्यामागे धड ओसरी नाही, हे खरं. पण जाणं त्यांनी स्वतः ठरवलं होतं आणि मागचं दार उघडं होतं. एवढं आपल्यालाही जमतं.

आम्ही आता दुसरंच बघतो. चूल विझवायची राहते का? औषधाचा हिशेब चुकतो का? रात्री एकटीला बाहेर निघावं लागतं का? हाक मारली तर ऐकणारं कोणी आहे का? यातल्या बऱ्याच गोष्टी घर न सोडता दुरुस्त होतात. घराला लागून संडास बांधा, नळ दारात घ्या, नात्यातलं एखादं पोरगं रात्री झोपायला ठेवा. तेवढ्यानं भागत नसेल तर नेण्याची गोष्ट काढा. तीही तिचं डोकं शाबूत असताना, ती 'नाही' म्हणू शकते तेव्हा. आणि पहिल्यांदा नेताना कापूस घरात आल्यावर, थंडीत न्या, होळीला परत आणा. म्हैस विकू नका.

जमिनीचं मात्र कडक सांगतो. मुलाच्या नावे शेत बक्षीस द्यायला २०१५ पासून मुद्रांक फक्त २०० रुपये लागतो. म्हणून काय होतं, म्हातारीचं गाठोडं आणि बक्षीसपत्र एकाच दिवशी निघतं. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी आपल्यातल्या ज्यांनी घरधनिणीच्या नावे जमीन केली, तिचं नाव आज सात-बारावर आहे. ती आता सत्तरीत असेल. गाव सोडलं म्हणून ते नाव खोडायचं कारण काय? द्यायचंच असेल तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सांगतो की अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करता येतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. पण २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. तोंडी 'सांभाळीन हो माय' तिथं पुरत नाही.

आमच्या आईनं पुढं तीन वर्षांनी स्वतःच सांगितलं, "यंदाचा कापूस घरात आला की येते." आली. बरोबर ज्वारीचं एक पोतं आणि पाटा-वरवंटा. खोल्या त्याच, पण यावेळी कवेलूच्या घराची किल्ली तिच्याच कनवटीला आहे, आणि पोळ्याला नेलं नाही तर ती भांडते.

पंगतीची हाक आली. बक्षीसपत्रातली अट कशी लिहायची हे ज्यांना विचारायचं आहे त्यांनी जेवणानंतर इथंच थांबावं, सात-बारा जवळ असेल तर घेऊन यावं.