सायकल कोणाची, रस्ता कोणाचा?

(खान्देशातील महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

मला ‘किशोरवयीन मुली आणि खेळ’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. मी काही खेळाडू नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मुलींच्या शिक्षणाचे काम करते. त्यातल्या दोन शाळांत, एक जळगाव जिल्ह्यातली आणि एक धुळे जिल्ह्यातली, मी सायकल क्लबच्या मुलींना शिकवायला जाते. तेव्हा मी सायकलवरच बोलणार आहे.

सुरुवात गृहभेटींतून झाली. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, हे तुम्हाला माहीत आहेच. २०११ पासून राज्यातल्या १२५ तालुक्यांत हा कार्यक्रम आहे. २०२२ मध्ये ही रक्कम पाच हजार रुपये झाली. मी घरोघर विचारत होते, “सायकल मिळाली का?” मिळाली. “मग कुठे आहे?” भाऊ क्लासला घेऊन गेला. वडील दूध घालायला गेले. काकांनी शेतात नेली. एका घरात ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्यावर गोधड्या वाळत घातल्या होत्या. मुलगी मात्र तीन किलोमीटर पायी. का, तर तिला चालवता येत नाही. शिकवणार कोण? आजी म्हणाली, “पोरले सायकल कसाले जोयजे?”

कागदावर सायकल मुलीच्या नावाची होती, पण घरात ती मुलीची झाली नव्हती. त्यामुळे आम्ही शाळेच्या मैदानावर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर क्लब सुरू केला.

कसे शिकवतो ते सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकींना हे आपापल्या गावात करता येईल. आधी सीट इतकी खाली घ्यायची की दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. दोन्ही पायडल पान्याने काढून ठेवायचे. पायांनी ढकलत जायचे, मग पाय उचलून जितके जाता येईल तितके जायचे. तोल आला की पायडल परत लावायचे. यात मागून सीट धरून पळणारा दादा लागत नाही आणि मुली कमी पडतात. नजर चाकाकडे न ठेवता पुढे ठेवायची. ज्या दगडाकडे आपण बघतो, नेमके त्याच्यावरच चाक जाते. दोन्ही ब्रेक बरोबर दाबायचे. वेगात असताना नुसता पुढचा करकचून दाबला तर डोक्यावर पडणार. ओढणी छातीवरून कमरेला घट्ट बांधायची, नाहीतर चेनमध्ये अडकते.

दुसरा धडा दुरुस्तीचा. आपल्याकडे बाभळीचा काटा काही सोडत नाही. मुली टायर उतरवतात, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरून बुडबुडे बघतात, घासून सोल्यूशन लावतात, ते सुकू देतात, मग ठिगळ दाबतात. टायरमधून बोट फिरवून काटा आधी काढायचा, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही. तेव्हा काडी जवळ ठेवायची. हे सगळे शिकवण्यामागे एक कारण आहे. पंक्चरचे दुकान पानटपरीच्या शेजारी असते आणि तिथे कोण उभे असते, हे मुलींना चांगले माहीत असते.

तिसरा धडा मैदानावरचा नाही. मुली हळूच विचारतात, “ताई, पाळीत चालवली तर चालते का?” चालते. त्रास होत नसेल तर खुशाल चालवा. आणि आया विचारतात तो प्रश्न तर त्याहून हळू आवाजात येतो, “सायकलने ते फाटतं का?” आम्ही सरळ बोलतो. योनीपटल प्रत्येकीचे वेगळे असते. त्यावरून मुलीच्या ‘कौमार्या’बद्दल काहीही कळत नाही. तथाकथित कौमार्य चाचणीला वैद्यकीय आधार नाही आणि ती बंद करावी, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले आहे. मुलीची इज्जत सायकलच्या सीटवर ठेवणाऱ्या समाजाला आपण काय उत्तर देतो, हा प्रश्न खेळाइतकाच महत्त्वाचा आहे.

आता माझी एक चूक सांगते.

दहावीतली एक मुलगी क्लबमध्ये सगळ्यात चांगली चालवायची. लहान मुलींना तीच शिकवायची. कापूस वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी ती एकटीच घरी निघाली होती. मोटारसायकलवरच्या दोघांनी मागून येऊन तिची ओढणी ओढली. ती खडीवर पडली, कोपर सोलून निघाले. दुसऱ्या दिवसापासून सायकल घरात बंद झाली, आठवड्याने काका ती शेतावर नेऊ लागले आणि महिन्याने तिला बघायला पाहुणे आले. धुळे जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या दर दहा जणींपैकी सुमारे चौघींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, असे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. त्यामुळे पाहुणे आले म्हणजे काय, हे मला कळत होते.

मी घाबरले. माझी आई जळगावची. १९९४ साली जळगावात मुलींच्या लैंगिक शोषणाचे आणि ब्लॅकमेलिंगचे प्रकरण उघड झाले, तेव्हा घरोघरी मुलींवरच बंधने कशी आली, हे तिच्याकडून ऐकत मी वाढले. गुन्हा कोणी केला आणि घरात कोण बसले! हे माहीत असूनही पुढच्या शनिवारी मी मुलींना काय सांगितले असेल? “काही दिवस डांबरी रस्त्याने जाऊ नका, शेताच्या वाटेने जा.” शेताची वाट दीड किलोमीटर लांब आणि सुनसान.

सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, “ताई, मग सडक त्यांचीच का?”

मला उत्तर देता आले नाही. माझ्या हातून तेच झाले होते, जे आजीने, काकांनी आणि गावाने केले होते. जिला त्रास झाला तिचीच वाट आम्ही बदलली होती.

मग आम्ही बसून ठरवले. शाळेत क्लब बंद करण्याची भाषा सुरू झाली होती. मुलींनी स्वतः पत्र लिहून तो चालू ठेवायला लावला. त्या आता एकेकट्या न निघता गावागावाप्रमाणे गट करून जातात. रस्त्याच्या डाव्या बाजूने, एकीमागे एक, मध्ये दोन सायकलींचे अंतर. सगळ्यात नवीन मुलगी मध्ये, अनुभवी मुली पुढे आणि मागे. वळताना हात दाखवायचा. ट्रक जवळून गेला की हवेने सायकल ओढली जाते, म्हणून हँडल घट्ट धरायचे. कोणी त्रास दिला तर गाडीचा नंबर मोठ्याने सगळ्यांनी म्हणायचा, म्हणजे एकीचा विसरला तरी दुसरीच्या लक्षात राहतो. अठराखालच्या मुलीचा लैंगिक हेतूने वारंवार पाठलाग करणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, हे आम्ही पालकसभेत वाचून दाखवले. १०९८ हा नंबर वर्गाच्या भिंतीवर लिहिला.

त्या मुलीच्या घरी मी पाच वेळा गेले. बालविवाहाचा कायदाही सांगितला, पण फरक पडला तो तिच्या आईमुळे. “निदान दहावी होऊ द्या,” एवढेच ती नवऱ्याला म्हणाली आणि त्यावर अडून बसली. मुलीने परीक्षा दिली. पाहुण्यांना ‘आता नाही’ कळवले आहे. ‘कधीच नाही’ असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. सायकल अजून काकांकडेच आहे.

हे फक्त आपल्याकडचेच नाही. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ मध्ये साक्षरता मोहिमेबरोबर, तेव्हाच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने, हजारो ग्रामीण बाया सायकल शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीतल्या, अंगणवाडीतल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या, वर दांडीवर मूलही बसते म्हणाल्या. त्यांच्यावर टोमणे झालेच. पण एवढ्या जणी एकदम रस्त्यावर आल्यावर टोमणे कोणाकोणाला मारणार? बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. पुढे झालेल्या अभ्यासात दिसले की माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी सुमारे एक तृतीयांशाने वाढली आणि शाळा लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला. दोन्हीकडे मुली, बाया झुंडीने निघाल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

म्हणून मैत्रिणींनो, इथून परत गेल्यावर आपापल्या गावातल्या शाळेत जाऊन तीन प्रश्न विचारा. योजनेच्या सायकली कोण चालवते? मुलींना चालवायला आणि दुरुस्त करायला कोण शिकवते? आणि रस्त्यावर काही झाले तर कोणाची वाट बदलली जाते? उत्तरे लिहून आणा. पुढच्या बैठकीत ती घेऊन आपण जिल्हा परिषदेत जाऊ.

आणि ज्यांना स्वतःला येत नाही, त्यांनी लाजू नका. गेल्या महिन्यात त्या मुलीची आई शनिवारी मैदानावर आली. मला वाटले, काही तक्रार असेल. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि सातवीतल्या त्याच मुलीला म्हणाली, “सीट खाली कर, पाय पुरत नाहीत.”