ज्या कर्जाला जो दर
फंक्शन म्हणजे संगणकाला नेमून दिलेलं काम. गटाच्या हिशेबासाठी आम्ही पायथॉनमध्ये एक फंक्शन लिहिलं. त्याला दर सांगितला, की ते व्याज काढणारं दुसरं फंक्शन बनवून देतं. आजारपणाच्या कर्जाला महिना १ टक्का, धंद्याच्या कर्जाला २. प्रत्येक नवं फंक्शन आपापला दर लक्षात ठेवतं. ५००० रुपयांवर पहिलं ५० सांगतं, दुसरं १००. हीच फंक्शनं लूपमध्ये, एकामागून एक दर घेत थेट बनवली, तर दोन्ही शेवटचाच दर धरतात. आजारी बाईला दुप्पट व्याज लागतं. म्हणून प्रत्येक दर बनवणाऱ्या फंक्शनकडे वेगळा द्यायचा. आणि हिशेब संगणकाचा असला, तरी एक-दोन रकमा वहीत ताडून बघायच्या. पैसा आपल्या घामाचा आहे.